टक्क्यांचं अपील आणि पेन्शनचं अपील

मागच्या महिन्यात रामबागेतल्या मामी आल्या त्या साडीच्या दुकानाची पिशवी घेऊनच. आत अकरा एक्स-रे, एक एमआरआय आणि वर हातानं लिहिलेला दोन पानी अर्ज. "विकलांग पेन्शन नामंजूर झाली रे. अपील करायचंय. अजून कुठं कुठं दुखतं तेही लिहू का?" मी नामंजुरीचा कागद मागितला. तो पिशवीत नव्हताच, घरी देव्हाऱ्यातल्या डबीखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आणला तर त्यावर कारण एका ओळीचं: समग्र (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि आधारवरचं नाव जुळत नाही. मामींचं 50 टक्के दिव्यांगतेचं सर्टिफिकेट कुणी नाकारलंच नव्हतं.

इंदुरात आपल्या लोकांत हा घोळ फार होतो. 'विकलांगचं अपील' असा एकच शब्द तोंडात बसलाय, पण अपिलं दोन आहेत. एक डॉक्टरांच्या निर्णयाविरुद्ध, म्हणजे टक्के कमी दिले किंवा सर्टिफिकेटच दिलं नाही, याविरुद्ध. दुसरं, टक्के मान्य असूनही पेन्शन अडली, याविरुद्ध. दोन्हीकडे ऐकणारा माणूस वेगळा आणि त्याला पटणारा कागदही वेगळा.

पेन्शनचं आधी उरकून टाकतो, ते सोपं आहे. मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवा गॅरंटीचा कायदा आहे. लोकसेवा केंद्रात आवेदन दिलं की पावती मिळते. अर्ज फेटाळला किंवा ठरलेली मुदत उलटली की त्या दिवसापासून 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. तिथंही दाद मिळाली नाही तर 60 दिवसांत दुसरं. म्हणून पहिला पुरावा ती पावती, दुसरा नामंजुरीचा कागद. त्यावर जे कारण छापलंय तेवढंच खोडायचं. समोरच्या अधिकाऱ्याला तुमचा गुडघा तपासायचा अधिकारच नाही, त्याला एक्स-रे दाखवून काय उपयोग?

मामींच्या बाबतीत गोष्ट अगदी आपल्या घरातली होती. आधारवर मधे नवऱ्याचं नाव, समग्रवर मधलं नावच नाही, आणि सर्टिफिकेटवर कुणीतरी नावाआधी 'सौ.' चिकटवलेलं. संगणकाच्या लेखी या तीन बायका झाल्या. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या सगळ्या बायकांनी हे तीन कागद एकदा शेजारी ठेवून वाचावेत. मामींनी समग्र दुरुस्त करून घेतलं, दुरुस्तीची पावती आणि लग्नाचा दाखला जोडला. दोन पानी अर्जाचा पाच ओळींचा अर्ज झाला. एक्स-रे घरी परत.

एक उपप्रकारही सांगून ठेवतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय नि:शक्त पेन्शनला 80 टक्के आणि गरिबी रेषेखालचं कुटुंब लागतं. राज्याच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनला 40 टक्क्यांची अट आहे. 60 टक्केवाल्यानं पहिल्या योजनेत अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, तर चूक योजना निवडण्यात आहे. तिथं अपील करण्यापेक्षा दुसरा अर्ज करावा.

आता टक्के. इथं मामला खरा गुंतागुंतीचा.

दिव्यांग अधिकार कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि कलम 59 खाली मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या, निर्णयावर अपील करता येतं. सर्टिफिकेट नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असतं, ते मागून घ्या. आजाराचं नाव कितीही भारदस्त असलं तरी टक्के आजाराला मिळत नाहीत. अवयव किती काम करतो याला मिळतात, तेही केंद्राच्या ठरलेल्या मापानं. कानाला 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झवरची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. डोळ्याला चष्मा लावल्यानंतरची नजर. हातापायाला सांधा किती अंश वळतो आणि स्नायूत जोर किती उरलाय.

दोन ठिकाणची इजा असेल तर बेरीजसुद्धा सरळ नसते. खांद्याचे 30 आणि गुडघ्याचे 20 म्हणजे 50 होत नाहीत. मोठा आकडा 30 तसाच ठेवायचा, 90 मधून तो वजा करून उरलेल्या 60 ला 20 नं गुणायचं आणि 90 नं भागायचं. आले 13.3. एकूण साधारण 43. गुडघा मोजायचाच राहिला तर उरतात 30, आणि 40 ची वेस ओलांडली जात नाही.

आमच्या शेजारच्या काकांचं नेमकं हेच झालं. सर्टिफिकेटवर फक्त खांदा. आणि अपिलाला त्यांनी काय जोडलं होतं? रेशनकार्ड, विजेचं बिल, भाड्याची चिठ्ठी. गरिबी खरी होती, पण गरिबीनं टक्के वाढत नाहीत. आम्ही ते सगळं काढलं. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून बोर्डाचा तपासणीचा तक्ता मागवला, तेव्हा कळलं की गुडघ्याचा रकाना कोरा आहे. मग फिजिओथेरपिस्टकडून एक पान करून घेतलं: गुडघा किती अंश वाकतो, किती सरळ होतो, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून, तारखेसह. अकरा एक्स-रेंपेक्षा हे एक पान जड आहे, असं माझं मत.

मानसिक आजारात तर मोजपट्टी दिसतही नाही. तिथं स्वतःची काळजी, नातेसंबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात. शिवाय गेल्या दोन वर्षांतले किती महिने आजारात गेले याचे गुण. 20 पैकी 7 झाले की 40 टक्के. म्हणजे पुरावा घरातल्या माणसाकडेच असतो: आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, नोकरी कोणत्या महिन्यात सुटली, दवाखान्यात कधी कधी न्यावं लागलं. कॅलेंडरच्या पानांवर लिहीत गेलात तरी चालेल.

आपली एक खोड मात्र कागदानं सुटत नाही. बोर्डासमोर जाताना आपण इस्त्रीचे कपडे घालतो, काठी बाहेर ठेवतो आणि लंगडणं लपवून चालतो. काकांची फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे. काकू सोबत जाणार आहेत, कारण डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की काका "मजेत" म्हणून मोकळे होतात.