शिंगखत, सल्फर आणि बूच: बर्गंडीच्या व्हाइट वाईनची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या शार्दोने (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाईन) दहा-पंधरा वर्षे मुरत ठेवणाऱ्यांना १९९५ आणि १९९६ च्या हंगामांनी पहिला धक्का दिला. २००० नंतर बाटल्या उघडू लागल्या तेव्हा काहींचा रंग गडद सोनेरी ते तपकिरी झाला होता. वास फोडून ठेवलेल्या सफरचंदाचा, अक्रोडाचा, शेरी या स्पॅनिश वाईनचा. त्याच खोक्यातली शेजारची बाटली मात्र ताजी! या दोषाला ‘प्रेमॉक्स’ हे नाव पडले: वेळेआधी झालेले ऑक्सिडेशन.

हा शब्द फसवा आहे. चांगल्या मुरलेल्या वाईनलाही मध, सुकामेवा यांचा वास येतो. पण मुरलेल्या वाईनमध्ये आंबटपणाची धार आणि फळ शिल्लक असते, प्रेमॉक्समध्ये फळच नाहीसे होते. जमवणारे हा फरक विसरून साध्या वयस्क बाटलीलाही दोषी ठरवतात.

कारणांवर अजून एकमत नाही. पहिला संशय बुचावर गेला. बुरशीचा वास टाळण्यासाठी क्लोरिनऐवजी पेरॉक्साइडने धुणे आणि बुचांवरच्या सिलिकॉनच्या लेपातला बदल, दोन्हींवर बोट ठेवले गेले. एकाच खोक्यातल्या बाटल्या वेगळ्या निघतात, याचे स्पष्टीकरण बुचाखेरीज कशानेच नीट होत नाही. पण त्या काळात तळघरातही खूप काही बदलले होते. हवेच्या फुग्याने द्राक्षे हळुवार दाबणारे प्रेस आले. जुन्या प्रेसमधून निघणारा रस आंबण्यापूर्वीच तपकिरी पडे, ऑक्सिजनला बळी पडणारी द्रव्ये तिथेच गळून जात. स्वच्छ रसात ती वाईनपर्यंत टिकली. पिंपातला यीस्टचा गाळ काठीने ढवळण्याची हौस वाढली, म्हणजे हवा आणखी मिसळली. आणि ‘कमी सल्फर’, म्हणजे वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड कमी घालणे, ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. आमच्या मते मुख्य चूक हीच. हवा कमी-जास्त बुचातून येणारच, पण आत मुक्त (कशाशी बांधला न गेलेला) सल्फर पुरेसा असता तर तिने इतके बिघडवले नसते. आता अनेक जण बाटली भरताना लिटरला ३० ते ३५ मिलिग्रॅम मुक्त सल्फर ठेवतात आणि प्रेसही थोडा कडक चालवतात.

इथेच बायोडायनॅमिक या सेंद्रिय शेतीच्या पद्धतीचा गोंधळ होतो. या लेबलाचा अर्थ ‘सल्फर नाही’ असा पुष्कळांनी घेतला. तसा तो नाही. भर मळ्यावर आहे, सल्फरला मर्यादा आहे, बंदी नाही. युरोपात २०१२ पासून ‘सेंद्रिय वाईन’ हा शब्द लेबलावर येऊ शकला, तोही कोरड्या (गोड नसलेल्या) व्हाइटला लिटरला एकूण १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. साध्या कोरड्या व्हाइटला २०० चालतात.

बायोडायनॅमिक पद्धतीचे मूळ १९२४ सालच्या आठ व्याख्यानांत आहे, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावी दिलेल्या. व्याख्यात्याला मद्य मान्य नव्हते, हा योगायोग मजेशीर. आपल्याकडच्या सेंद्रिय शेतकऱ्याला शिंगखत ठाऊक आहे: गायीच्या शिंगात शेण भरून शरदात पुरायचे, वसंतात काढायचे. हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम, ३० ते ३५ लिटर कोमट पाण्यात तासभर दिशा बदलत ढवळायचे आणि काही तासांतच संध्याकाळी जमिनीवर फवारायचे. दुसरी फवारणी शिंगात पुरलेल्या गारगोटीच्या स्फटिक-भुकटीची: हेक्टरी जेमतेम ४ ग्रॅम, सकाळी पानांवर. दुष्काळात, कडक उन्हात दिल्यास पाने करपतात. यापैकी काहीही डाऊनी या वेलीवरच्या बुरशीसारख्या रोगाला अडवत नाही. त्यासाठी नाशिककर वापरतात तसा मोरचूदच (तांब्याचे क्षार) लागतो, आणि युरोपात २०१९ पासून तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो आहे. पावसाळी हंगामात हिशेब कोलमडतो.

पुलिन्यी-मोंराशे गावातल्या एका नामांकित घराण्याने १९९० च्या सुमारास प्रयोग सुरू केला आणि १९९७ मध्ये संपूर्ण मळा बायोडायनॅमिक केला. प्रेमॉक्सने त्यांनाही सोडले नाही. २०१४ च्या हंगामापासून त्यांनी दळून, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने स्वच्छ करून पुन्हा घडवलेले बूच घेतले. शिंगखत तसेच राहिले, बूच बदलले.

जमवणाऱ्याने म्हणून बाटल्या १२-१३ अंशांवर, आडव्या ठेवाव्यात. सहापैकी एक पाचव्या-सहाव्या वर्षी उघडावी. उरलेल्या दिव्यासमोर धरून रंग ताडावा: शेजारणीपेक्षा गडद दिसणारी आधी प्यावी. जाड हिरव्या काचेतून ते कळत नाही, तेव्हा मानेतली वाईनची पातळी बघावी: जास्त खाली गेलेली आधी प्यावी. बूच कोणते, हे लेबलावर क्वचितच असते. बाटलीच्या तोंडावरचे कॅप्सूल (वेष्टन) काढेपर्यंत ते दिसतही नाही, म्हणून विकत घेतानाच विचारावे.