आटलेल्या सरोवराच्या काठावरचे दगडी सापळे

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, साल्टन सी या खाऱ्या जलाशयाच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर, घोड्याच्या नालेसारख्या किंवा चिमट्यासारख्या आकारात रचलेले दगड आढळतात. या भागातील मूळनिवासी काहुइया लोकांच्या पूर्वजांनी उथळ पाण्यातले मासे पकडण्यासाठी मांडलेले हे सापळे आहेत.

कोलोरॅडो नदी पूर्वी अधूनमधून आपले पात्र बदलून समुद्रसपाटीखाली असलेल्या या खोलगट प्रदेशात शिरत असे आणि काहुइया नावाचे विशाल गोडे सरोवर भरत असे. भरल्यावर त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १२ मीटर उंचीपर्यंत पोहोचे. नदी पुन्हा समुद्राकडे वळली की सरोवर केवळ बाष्पीभवनाने आटू लागे आणि पातळी वर्षाला साधारण दीड ते पावणेदोन मीटर खाली जाई. वरचे सापळे कोरडे पडले की लोक खालच्या नव्या काठावर दुसरी रांग रचत. म्हणूनच या रांगा पायऱ्यांसारख्या एकाखाली एक उतरत जातात, आणि प्रत्येक रांगेची नेमकी उंची हाच तिच्याविषयीचा सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

जमिनीवरून ही उतरंड नीट उमगत नाही, कारण सापळ्याचे दगड आणि आजूबाजूचे दगड एकाच रंगाचे असतात. शिवाय सतत चालण्याने रचना विस्कटण्याची भीती असते. ड्रोन मात्र कमी उंचीवरून, एकमेकांवर बऱ्याच प्रमाणात येणारी शेकडो छायाचित्रे टिपतो. एकच दगड वेगवेगळ्या कोनांतून दिसल्यामुळे संगणकाला त्याचे अंतर व उंची काढता येते आणि उताराची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. या पद्धतीला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य कलता असताना उड्डाण केले, तर वीतभर उंचीच्या दगडांच्याही लांब सावल्या पडून रांगा उठून दिसतात. तरीही केवळ छायाचित्रांवर विसंबणे धोक्याचे आहे. जमिनीवरील खुणांची उंची उपग्रहाधारित उपकरणाने अचूक मोजून जोडली नाही, तर संपूर्ण प्रतिकृती किंचित फुगवटा आल्यासारखी वाकू शकते, आणि मग उंचीवरून केलेला वर्षांचा हिशेब फसतो.

१८५३ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम ब्लेक येथे आले, तेव्हा काहुइया लोकांनी त्यांना सांगितले होते की या खोऱ्यात एके काळी माशांनी भरलेला मोठा जलाशय होता आणि पाणी हळूहळू ओसरत गेले. ते कसे ओसरले, हे आता या रांगांच्या उंचीवरून मोजता येते.