फुलबॅकचा फॉर्म: क्लबची जर्सी, देशाची जर्सी आणि मधली शंभर वर्षं

परभणीत पोरांचे दोन संघ पाडताना एक जुनी रीत अजून चालते. पळणारी पुढं, उंच पोरगं मध्ये, दांडगं गोलात, आणि ज्याचं काय करावं ते कळत नाही त्याला बॅकला. त्याला सांगायचं एवढंच, की बॉल आला की मार बाहेर. मीही शाळेत असाच बॅक झालो आणि पुढं आवडीनं तिथंच राहिलो. त्यामुळे २०२५ च्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल बघताना मला वेगळाच आनंद झाला होता. तिकडे म्युनिकमध्ये ३१ मेची रात्र, आपल्याकडे साडेबारा वाजून गेल्यामुळे १ जून लागलेला. इटलीच्या इंटर मिलानविरुद्ध पॅरिस सेंट जर्मेननं पाच गोल केले, त्यातला पहिला अश्रफ हकीमीचा. हकीमी उजवा बॅक आहे. गोल मारताना तो समोरच्या गोलपासून काही पावलांवर उभा होता. आमच्या शाळेच्या मैदानावर तिथं सेंटर फॉरवर्डशिवाय कुणी पाय ठेवला तर सर मैदानाबाहेर बसवायचे.

अशा बॅकबद्दल एक वाद दर आंतरराष्ट्रीय विंडोला, म्हणजे क्लबचे सामने थांबवून देशांचे सामने होतात त्या दिवसांत, हमखास निघतो. आमच्याकडे तो साध्या शब्दांत विचारला जातो: "क्लबकडून असा खेळतो, मग देशाकडून कामून खेळत नाही?" कुणी म्हणतं पैशासाठी खेळतो, कुणी म्हणतं दडपण येतं, कुणी म्हणतं फॉर्म गेला. मला मात्र वाटतं, की बऱ्याचदा त्याचा फॉर्म जिथल्या तिथंच असतो, बदललेली असतात ती त्याच्या आजूबाजूची माणसं. ही जागा कशी घडत गेली ते पाहिलं की हे लक्षात येतं.

जुन्या फुटबॉलमध्ये दोन बॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड असत. त्यातले सगळ्यात मागचे दोघे म्हणजे फुलबॅक, आणि ते कडेला नसून मध्ये, गोलकीपरच्या पुढ्यातच उभे राहत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूकडे बॉल देताना तो आणि समोरची गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, ते दोनवर आले. गोलांचा पाऊस सुरू झाला. तो थोपवायला आर्सेनल या इंग्लिश क्लबचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफबॅक मागे ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये बसवला. मध्ये जागा उरली नाही तसे ते दोघे कडेला सरकले. नाव मात्र तेच राहिलं. इंग्लंडच्या पद्धतीत त्यांच्या पाठीवरचे २ आणि ३ हे आकडेही त्या जुन्या दिवसांचेच.

कडेला गेले तरी काम तेच होतं, समोरच्या विंगरला, म्हणजे कडेनं धावणाऱ्या फॉरवर्डला अडवायचं. पुढं धावणं हा जवळजवळ गुन्हाच. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलचा डावा बॅक निल्टन सांतोस ऑस्ट्रियाविरुद्ध थेट पुढं गेला आणि गोल करूनच थांबला. त्याला ते जमलं, कारण ब्राझीलच्या चार-दोन-चार रचनेत (चार मागे, दोन मध्ये, चार पुढं) डावीकडून खेळणारा मारियो झगालो मागे उतरून काम करायचा. माझ्या लेखी या जागेची सगळी गोष्ट या एका जोडीत आली आहे. बॅक पुढं जातो तेव्हा त्याची जागा कुणीतरी राखत असतं, आणि टाळ्या मात्र एकट्या बॅकला मिळतात.

इटलीत जाचिंतो फाकेत्ती झाला. लहानपणी फॉरवर्ड असलेल्या या उंच गड्याला इंटर मिलानमध्ये प्रशिक्षक एलेनियो एरेरा यांनी डावा बॅक केलं. इंटरची ख्याती बचावाची, तरी त्यात फाकेत्तीला मोकळीक होती. पाठीमागे लिबेरो, म्हणजे सगळ्यांच्या मागे मोकळा राहून राखण करणारा, म्हणून आर्मांदो पिक्की असायचा, उजवा बॅक बुर्गनिक जागा सोडायचा नाही, आणि डाव्या विंगेवरचा मारियो कोर्सो सारखा आत वळायचा, त्यामुळे पुढची कड मोकळीच पडलेली असायची. १९६५ च्या युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलनं आपल्या मैदानावर ३-१ अशी आघाडी घेतली होती. परतीचा सामना इंटरनं ३-० असा जिंकला, त्यातला तिसरा गोल फाकेत्तीचा. पुढच्याच मोसमात त्यानं इटालियन लीगमध्ये १० गोल केले.

आता त्याचा देशाचा हिशेब बघा. क्लबसाठी लीगमध्ये ५९ गोल, इटलीसाठी ९४ सामन्यांत ३. नुसत्या आकड्यांवर जायचं तर म्हणावं लागेल की देशासाठी हा खेळलाच नाही. पण याच फाकेत्तीच्या नेतृत्वाखाली इटलीनं १९६८ ची युरोपियन स्पर्धा जिंकली. त्याला देशाच्या संघात दिलेलं कामच वेगळं होतं.

आणि १९७० ची मेक्सिकोतली फायनल. ब्राझीलचा चौथा गोल पुन्हा पुन्हा दाखवतात: पेलेनं उजवीकडे अलगद सरकवलेला बॉल आणि मागून धावत आलेल्या कार्लोस आल्बेर्तोचा फटका. ती कड इटलीच्या डाव्या बॅकची, म्हणजे फाकेत्तीची. तो कुठं होता? जाइर्झिन्योवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. जाइर्झिन्यो उजवी कड सोडून पार दुसऱ्या बाजूला गेला आणि फाकेत्ती त्याच्या मागोमाग गेला. सांगितलेलं काम तो चोख करत होता. मोकळ्या पडलेल्या त्या जागेत जायला ब्राझीलचा उजवा बॅक आला. मी हा गोल कितीदा पाहिला असेल, पण आता पाहताना माझी नजर फाकेत्तीलाच शोधते. त्या रात्री कुणी त्याला गुण दिले असतील तर किती दिले असतील, हा विचार मला सोडत नाही.

आपल्या बाजूचाही एक धागा इथं जोडायला हवा. १९५० ते १९५४ या सलग पाच वर्षांत मुंबईची रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं जिंकली. त्या वर्षांत परभणी, नांदेड, औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे राज्याच्या हिशेबानं तो आपलाच संघ. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ती ओळख हळूहळू पुसली गेली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच १९५१ आणि १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकांच्या वेळी भारताचे प्रशिक्षक होते. १९६२ ला जकार्त्यात बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली होती. रहीम साहेबांनी त्याला घरी बसवलं नाही, उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट फॉरवर्डला उभं केलं. दोन्ही सामन्यांत त्यानं गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं. मोहन बागानचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, देशाचा सेंटर फॉरवर्ड झाला. माणूस तोच, जागा दुसरी आणि फॉर्म सोन्याचा.

पुढं ब्राझीलनं ही जागा जगभर लोकप्रिय केली. कफू १९९४, १९९८ आणि २००२ अशा लागोपाठ तीन विश्वचषक फायनल खेळला. रॉबेर्तो कार्लोस रिअल माद्रिदकडे ३ नंबर घालायचा आणि ब्राझीलकडे ६, कारण ब्राझीलमध्ये डाव्या बॅकचा आकडा ६ आहे. २००२ ला प्रशिक्षक स्कोलारी यांनी मागे तिघांना ठेवलं म्हणून हे दोघे मोकळे सुटले, आणि ब्राझीलनं सातच्या सात सामने जिंकले. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या हेन्रीनं गोल केला तेव्हा रॉबेर्तो कार्लोस पेनल्टी क्षेत्राच्या कडेला वाकलेला दिसला. सगळं खापर त्याच्यावर फुटलं आणि पुढं तो देशासाठी खेळला नाही. इथं माझं मत इतरांसारखंच आहे, ती चूक त्याचीच होती. सगळ्याच गोष्टी शेजाऱ्यावर ढकलता येत नाहीत.

मार्सेलोचं मात्र तसं नाही. रिअलकडून त्यानं पाच चॅम्पियन्स लीग जिंकल्या. तिथं तो पुढं गेला की एका बाजूनं सर्जियो रामोस सरकायचा आणि नंतरच्या वर्षांत मध्ये कासेमिरो असायचा. ८ जुलै २०१४ ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं फोडलं, त्या दिवशी मधला बचावपटू थियागो सिल्वा निलंबित होता आणि मागची घडी पार विस्कटली होती. तिसरा आणि सहावा गोल मार्सेलोच्याच बाजूनं आला आणि दोन्ही वेळा बॉल देणारा जर्मनीचा उजवा बॅक फिलिप लाम होता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून अभिमानानं म्हणत आलो, त्यामुळे त्या रात्री आमच्या गल्लीत बहुतेकांचा कौल कुणाकडे होता हे सांगायला नको. पण लामही त्या स्पर्धेत सुरुवातीला बॅक नव्हता. बायर्नमध्ये ग्वार्डिओला त्याला मध्ये खेळवत, तसंच प्रशिक्षक लोव यांनीही केलं होतं. अल्जीरियाविरुद्ध मुस्ताफी जखमी झाला तेव्हा तो कडेला परतला आणि जर्मनीचा संघ नीट बसला.

याची उदाहरणं भरपूर आहेत. डेव्हिड अलाबा बायर्नमध्ये होता तेव्हा तिथं डावा बॅक, तर ऑस्ट्रियाचा मिडफिल्डर. अल्फोन्सो डेव्हिस क्लबकडे बॅक, कॅनडाकडे पुढं, आणि २०२२ ला पुरुषांच्या विश्वचषकातला कॅनडाचा पहिला गोल त्याचाच. किमिख अनेक वर्षं क्लबमध्ये मध्यभागी खेळला आणि २०२४ च्या युरोत जर्मनीसाठी उजवा बॅक.

सगळ्यात जास्त भांडणं इंग्लंडचा उजवा बॅक ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डवरून झाली. २०१८-१९ ला लिव्हरपूलसाठी लीगमध्ये १२ असिस्ट, म्हणजे गोलआधीचा शेवटचा पास, पुढच्या मोसमात १३, आणि प्रीमियर लीगचं विजेतेपद. बचावपटूनं एका मोसमात एवढे असिस्ट तोवर कुणी दिले नव्हते. पुढचा विंगर सालाह आत वळून कड मोकळी करायचा, ट्रेंट पुढं गेला की हेंडरसन त्याच्या जागी सरकायचा, मध्ये फाबिन्यो आणि पाठीशी व्हॅन डाइक. मग १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला. पाठोपाठ दुसरे सेंटर बॅकही जखमी झाले, तेव्हा फाबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळावं लागलं. म्हणजे ट्रेंटचा पाठीराखा गेला आणि बाजूचाही गेला. लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरलं. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडच्या संघातून ट्रेंटला वगळलं गेलं आणि लोक म्हणाले, फॉर्म गेला. चार भिंतींतल्या तीन काढून घेतल्यावर छप्पर खाली आलं, आणि दोष छपराला लागला. पुढं इंग्लंडनं त्याला मध्ये खेळवून पाहिलं. २०२४ च्या युरोत पहिले दोन सामने तो मिडफिल्डर म्हणून उतरला, मग बाहेर बसला. उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची, विजयाची पेनल्टी मात्र त्यानंच मारली. त्याचा बचाव कच्चा आहे हा आरोप खोटा नाही. पण त्याच्यापुढं सालाहसारखा आत वळणारा आणि बाजूला त्याची जागा राखणारा माणूस इंग्लंडकडे कधी एकत्र उभा राहिला, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

फुटबॉल नवखा वाटणाऱ्यांना मी कबड्डीतलं सांगतो, कारण मराठवाड्यात ती न कळणारा माणूस विरळा. कोपऱ्यावरचा गडी चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो. त्याच क्षणी कव्हर वरून येऊन दाबतो तेव्हा पकड होते. कव्हर अर्धा क्षण उशिरा आला तर तोच कोपरा हात पसरून आडवा पडलेला दिसतो आणि चढाईपटू रेषेपार. झेप दोन्ही वेळा तितकीच चांगली असते. गावाच्या संघात दहा वर्षं एकत्र खेळलेले कोपरा-कव्हर जिल्ह्याच्या संघात वेगळे झाले की काय होतं, हे इथल्या पंचांना विचारा.

देशाच्या संघाची अडचण नेमकी हीच आहे. क्लबमध्ये रोज सराव असतो, देशाच्या विंडोत मोजके दिवस, त्यातले काही विमानात. भारताच्या बॅकपुढं तर आणखी एक पेच आहे. इंडियन सुपर लीगमध्ये मधल्या मोक्याच्या जागा बऱ्याचदा परदेशी खेळाडूंकडे असतात. आपला डावा बॅक मोसमभर ज्याच्या भरवशावर पुढं धावतो तो बचावात्मक मिडफिल्डर बऱ्याचदा परदेशी असतो, आणि निळी जर्सी घातली की तो तिथं नसतोच. मग बॅक दोन पावलं मागेच थांबतो. टीव्हीवर ती भीती वाटते. मला ती शहाणपणाची वाटते.

म्हणून आता सामना पाहताना मी बॅकचे क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलपुढं मारलेले बॉल, मोजत नाही. तो अर्धी रेषा ओलांडतो तेव्हा डोळे मागे फिरवतो आणि त्याच्या सोडलेल्या जागेत कोण आलं ते पाहतो. बॉल हरवल्यावर परत यायला त्याला किती धावावं लागलं आणि त्याच्यापुढचा विंगर आत वळला की कडेलाच उभा राहिला, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. कॅमेरा बहुतेक वेळा बॉलमागे असतो, त्यामुळे हे पाहायला थोडी जिद्द लागते.

आमच्या मैदानावर पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की कडेनं तीनदा धावलं तरी पाय शेरभर जड होतात. त्या चिखलात एक डावा बॅक गेली दोन वर्षं मला थक्क करतोय. मागच्या वर्षी आंतरजिल्हा स्पर्धेसाठी त्याची निवड झाली आणि तिथं तो अगदी साधा खेळला. परत आल्यावर निवड करणारे म्हणाले, पोराचा फॉर्म नाही. शाळेच्या संघात त्याच्या शेजारी खेळणारा, तो पुढं गेला की न सांगता त्याची जागा भरणारा हाफबॅक, निवडीत बाहेर राहिला होता. यंदाच्या चाचणीसाठी मी दोघांची नावं एकाच कागदावर, एकाखाली एक लिहून दिली आहेत.