ड्रोन उडतंय, पण रडारला थांबलेलं दिसतंय

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तो जुना निरोप पुन्हा फिरत आला: आरशाला सीडी लटकवा, एक्सप्रेसवेवरचं रडार गोंधळतं. पार्किंगमध्ये डोकावलो, तर दोन गाड्यांत सीडी होत्या, एकीत जोडीला लिंबू-मिरचीसुद्धा! रडारपुढे दोन्हींची मातब्बरी सारखीच. गाडीचा सगळा पत्रा लहरी परतवतोय आणि सीडी त्याच पत्र्यासोबत त्याच वेगाने पळतेय. ती वेगळं काय सांगणार?

रडार फसतं हे मात्र खरं. कसं, ते सांगतो.

समजा, वेताळ टेकडीसमोरून एक ड्रोन थेट आपल्या रडारकडे येतंय. टेकडीचा प्रतिध्वनी दांडगा, ड्रोनचा चिमुकला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'सहा फरक ओळखा' असतं ना, तीच युक्ती इथे कामी येते. रडार एकामागून एक पल्स, म्हणजे रेडिओ लहरींचे छोटे झटके, सोडतं आणि दोन पल्सच्या प्रतिध्वनींची वजाबाकी करतं. टेकडी जागची हलत नाही, म्हणून ती कटते. हललेलं तेवढं उरतं.

हललेलं कळतं ते लहरीच्या फेजवरून. फेज म्हणजे लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते; घड्याळाचा काटा समजा. 10 गिगाहर्ट्झच्या रडारची लहर 3 सेंटिमीटर लांब असते. ड्रोन दीड सेंटिमीटर जवळ आलं की जाण्यायेण्याचं अंतर 3 सेंटिमीटरने घटतं आणि काटा एक पूर्ण फेरा मारतो. ड्रोनचा वेग ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर असेल, तर काट्याचे सेकंदाला 1000 फेरे.

आता गंमत बघा. रडारही सेकंदाला 1000 पल्स सोडत असेल, तर? दर पल्सला काटा नेमका एक फेरा पुरा करून मूळ जागी! सेकंदकाट्याचा दर मिनिटाला एक फोटो काढला तर घड्याळ बंद पडलंय असंच वाटेल, तसं. वजाबाकीत टेकडीबरोबर ड्रोनही गायब. याला 'ब्लाइंड स्पीड' म्हणतात. 54 ला आंधळं, 108 ला पुन्हा आंधळं.

मग पल्स वाढवा की! वाढवता येतात, पण लांबचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत पुढची पल्स सुटलेली असते आणि कुणाचा प्रतिध्वनी कुठला, हा घोळ होतो. सेकंदाला 1000 पल्स असतील तर 150 किलोमीटरपर्यंतच अंतराची खात्री. वाढवल्या तर त्याहून कमी.

दुसरा उपाय म्हणजे पल्स मुद्दाम वेळीअवेळी सोडायच्या. कधी 0.8 मिलिसेकंदाने, कधी 1.3, कधी 0.9. टेकडी तरीही कटते, पण ड्रोनचा काटा आता 0.8 फेऱ्यावर, मग 1.3 वर, मग 0.9 वर सापडतो. लपायला जागाच उरली नाही.

किंमत मोजावी लागतेच. पल्स विस्कटल्या की प्रत्येक वस्तूची पुसट सावली सगळ्या वेगांवर पसरते आणि मोठ्या वस्तूच्या सावलीत बारकी बुडते. ढोल-ताशा पथकात झांज ऐकू येत नाही, तसं. इथे 'स्पार्स', म्हणजे विरळ संकेतांचं गणित धावून येतं. वेगाचे शक्य कप्पे 1000 असले तरी आकाशात हलणाऱ्या वस्तू असतात चार-पाच. बाकी कप्पे रिकामे. म्हणून सर्वांत मोठा आवाज आधी शोधायचा. पल्स कधी सोडल्या ते आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे त्याची सावली कशी पडेल याचा चोख हिशेब मांडता येतो. ती वजा करायची. उरलेल्यात पुन्हा सर्वांत मोठा शोधायचा. ढोल उतरवला की ताशा, ताशा उतरवला की झांज.

अशा हिशेबाला हजार मोजमापं लागत नाहीत. वस्तू K आणि कप्पे N असतील, तर K गुणिले N/K चा लॉगॅरिदम, या प्रमाणातली पुरतात. वरच्या उदाहरणात शे-दीडशेत काम भागावं. कांदेस, रोमबर्ग, ताओ आणि डोनोहो या संशोधकांनी 2006 च्या सुमारास याला पक्का गणिती पाया दिला. एकेक मोठा आवाज उतरवत जाण्याची युक्ती मात्र त्याआधीची. रेडिओ खगोलशास्त्रात होगबोम यांनी 1974 मध्ये तिला 'क्लीन' नाव दिलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांच्या नोंदींतून आकाशाची चित्रं काढतानाही याच कुळातल्या पद्धती वापरतात. तिथे वेगांऐवजी तारकाविश्वं असतात, एवढंच.

हल्ली 'एआय रडार' म्हणून काहीही खपवतात, म्हणून एक सांगतो. यात जादूने माहिती निर्माण होत नाही. आकाश विरळ आहे, या एका गृहीतावर सगळा डोलारा उभा आहे. अनंत चतुर्दशीच्या लक्ष्मी रस्त्यावर ही पद्धत लावलीत तर हसू होईल. पावसाळी ढगांचंही तेच: अख्खं आभाळ थेंबांनी भरलेलं आणि थेंबांचे वेगही नाना तऱ्हेचे. तिथे आधी ढोल कुठला उतरवायचा?