ड्रेस्डेनला न पोचलेल्या लहरी

हुकूमशाहीत बाहेरचा टीव्ही दिसू लागला की जनता बिथरते, अशी एक ठाम समजूत आहे. कम्युनिस्ट राजवटीखालच्या पूर्व जर्मनीत ती तपासून बघायची आयतीच सोय होती.

मध्यम लहरींचा रेडिओ जमिनीलगत वळत किंवा रात्री आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून शेकडो किलोमीटर पोचतो. टीव्हीच्या जास्त वारंवारतेच्या लहरी मात्र आयनांबर भेदून निघून जातात. खाली त्या साधारण सरळ रेषेतच धावतात. त्यामुळे पश्चिम जर्मनीचे कार्यक्रम पूर्व जर्मनीत बहुतेक ठिकाणी दिसत, पण एल्ब नदीच्या खोऱ्यात, सीमेपासून लांब असलेल्या ड्रेस्डेनमध्ये पडद्यावर नुसत्या मुंग्या! रेडिओ तेवढा लागे.

आता खरी गंमत. टीव्ही बघणारे आणि न बघणारे यांची थेट तुलना केली तर फसगत ठरलेली. सरकारवर चिडलेला माणूसच मुद्दाम पश्चिमेचं चॅनल लावत असेल, मग आधी काय, टीव्ही की चीड? खोरं मात्र कुणाचं राजकीय मत विचारून लहरी अडवत नाही. म्हणून कोण बघतो हे बाजूला ठेवून, कुणाला दिसू शकतं यावरून गट पाडायचे. मतांमधला फरक मोजायचा, मग प्रत्यक्ष बघणाऱ्यांच्या प्रमाणातल्या फरकाने त्याला भागायचं. उरतो तो टीव्हीचा परिणाम. मुख्य अट: ड्रेस्डेनकर इतर बाबतींत फार वेगळे नसावेत.

होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्यूलर या संशोधकांनी १९८८-८९च्या जुन्या जनमत पाहण्यांवर हेच गणित करून २००९मध्ये निष्कर्ष छापले. पश्चिमेचा टीव्ही बघणारे राजवटीवर जास्त खूश निघाले! लोक बातम्यांपेक्षा मालिका आणि सिनेमे बघत. संध्याकाळ बरी जाई, राग बोथट होई. देश सोडायच्या परवानगीसाठी अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण ड्रेस्डेन भागात जास्त होतं.

यात 'टीव्हीच्या लहरी मेंदू झोपवतात' छाप फॉरवर्डांचा काही संबंध नाही. टीव्हीने राग बोथट होतो, हे सरकारलाही थोडंफार उमगलं असावं. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रमुख होनेकर याने १९७१मध्ये स्वतःच्याच टीव्हीला कंटाळवाणं म्हटलं आणि १९७३मध्ये पश्चिमेचा टीव्ही ज्याला हवा त्याने लावावा, अशी जाहीर मोकळीक दिली.

मात्र १९८९च्या शरदात राजवटीविरुद्ध सोमवारचे मोठे मोर्चे निघाले ते लायप्झिगमध्ये, आणि तिथे पश्चिमेचा टीव्ही दिसत होता. मोर्चांची दृश्यंही त्याच पडद्यावर आली. त्या काही आठवड्यांत लोक मालिका सोडून बातम्या बघत असावेत, आणि वरचं गणित त्याआधीच्या पाहण्यांवर केलेलं आहे.