रात्री दोनचा बीपी कुठून आला?

रुग्णालयात रात्री दोनला झोपलेल्या रुग्णाला उठवून बीपी मोजतात. खरं तर झोपलेल्या रुग्णाला मुद्दाम किंवा चुकूनही जागं होऊ न देणं ही चांगल्या शुश्रूषेची अनिवार्य अट आहे, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारास लिहून ठेवलं. पहिल्या झोपेतून उठवलेल्याला पुन्हा झोप लागत नाही, हे त्यांचं निरीक्षण. नर्सच्या कपड्यांची सळसळही त्यांना खपत नसे.

पण वॉर्डात वेगळंच वारं शिरत होतं. तोवर थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असे आणि ताप कळायला वीसेक मिनिटं लागत. १८६०च्या दशकातच इंग्रज डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी तो सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणला. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर वुंडरलिख यांनी तापाच्या आलेखावरून आजार ओळखता येतो, हे १८६८मध्ये मांडलं. पुढे १८९६मध्ये रिव्हा-रोची यांचा बीपी मोजण्याचा दंडाचा पट्टा आणि १९०५मध्ये कोरोत्कोव्ह यांची स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत आली. मोजणं सोपं झालं तसं ते सिस्टरांच्या कामात रुजलं. दर चार तासांनी टीपीआर-बीपी, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजण्याचा रिवाज त्यातूनच पक्का झाला. त्यामागे भक्कम संशोधनापेक्षा परंपराच जास्त.

तरी तो निव्वळ अट्टहास नव्हे. ऑपरेशननंतर वेदनाशामक दिलेला रुग्ण गाढ झोपलाय की बेशुद्धीकडे चाललाय, हे दारातून बघून कळत नाही. श्वास न उठवता मोजता येतो, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनही कळतो; बीपीचा पट्टा मात्र माणसाला बहुतेकदा जागं करतो. शिवाय चार्टवरचा रिकामा रकाना उद्या चौकशीत नर्सच्याच अंगाशी येतो.

१९६०च्या दशकात हृदयरुग्णांचे खास कक्ष उभे राहिले, मॉनिटर आणि अलार्म आले. अतिदक्षता विभागात अचानक भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या रुग्णांची चर्चा सुरू झाली तीही त्याच दशकात. त्या अवस्थेला आज डेलिरियम म्हणतात आणि तुटलेली झोप हे त्याच्या संभाव्य कारणांपैकी एक मानलं जातं.

ब्रिटनमध्ये १९९७मध्ये पूर्वसूचनेची गुणपद्धत मांडली गेली: नाडी, श्वास, बीपी अशा नोंदींवरून रुग्णाच्या धोक्याला गुण द्यायचे; गुण जितके जास्त तितका धोका जास्त. २०१२मध्ये तिचं राष्ट्रीय रूप आलं. शून्य गुण असतील तर किमान बारा तासांनी तपासणी, सात किंवा जास्त असतील तर सतत देखरेख. माझ्या मते खरा बदल इथे झाला. सगळ्यांना एकच घड्याळ लावायचं कारण उरलं नाही. सवय मात्र सुटली नाही: २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या अभ्यासात रात्रीच्या जवळपास निम्म्या तपासण्या कमी धोक्याच्या रुग्णांच्या निघाल्या.

आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो; तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. ढोल बाहेर थांबला तरी वॉर्डातली ट्रॉली, पंपाचा अलार्म, शेजारच्या खाटेचे नातेवाईक आहेतच.

सॅन फ्रान्सिस्कोत संगणकाच्या अंदाजावरून स्थिर रुग्णांची रात्रीची तपासणी वगळण्याची सूचना डॉक्टरांना देऊन पाहिली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२१च्या अखेरीस आले. तपासण्या रुग्णामागे रात्रीला सरासरी १.४१ ऐवजी ०.९७ झाल्या, गंभीर घटना वाढल्या नाहीत. डेलिरियम मात्र लक्षणीय घटला नाही. पहाटेचं रक्त काढणं, औषधांच्या वेळा आणि दिवे जसेच्या तसे ठेवून एकटा पट्टा वगळला, तर याहून जास्त फरक कसा पडणार?