एक पाय जाड: दोष ग्रहणाचा नाही

खानापूर-निपाणी भागात पोराचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला की अजून ऐकू येतं, 'पोटुशी असताना आईनं ग्रहण पाळलं नसेल.' यात काहीही तथ्य नाही. अशी जाडी अनेक कारणांनी येते. त्यातल्या प्रोटियस सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीराचे काही भाग प्रमाणाबाहेर वाढण्याच्या दुर्मीळ आजारात, एकेटी-१ या जनुकातला बदल गर्भ राहिल्यानंतर काही पेशींतच होतो, हे २०११ मध्ये दिसून आलं. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. जन्मताना बाळ बहुधा चांगलंच दिसतं. जादा वाढ ६ ते १८ महिन्यांच्या सुमारास सुरू होते. रक्तात हा बदल बरेचदा सापडत नाही, वाढलेल्या भागाचाच तुकडा तपासावा लागतो.

'पाळीसुद्धा आली नाही, मग अंडाशयात गाठ कुठली?' हा गैरसमज जास्त घातक. प्रोटियस सिंड्रोममध्ये लहान मुलींच्या दोन्ही अंडाशयांत सिस्टॅडिनोमा, म्हणजे पाणी भरलेल्या गाठी, होऊ शकतात. क्वचितच होतात, बहुधा कॅन्सरच्या नसतात. पण गाठीसकट अंडाशयाला पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटतो. अचानक पोटात कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर जंताचं औषध देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच बेळगावचं मोठं हॉस्पिटल गाठा, वाटेत खायला देऊ नका.

अशा गाठी बघायला एरवी ठरवून करायची सोनोग्राफी पोटावरूनच होते. तासभर आधी पाणी पाजा, लघवी थांबवा. मूत्राशय रिकामं असेल तर अंडाशय नीट दिसत नाही. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधीच सांगा: या मुलांत शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो.